टाळी

लहान बाळाला ऐकू येतं की नाही हे तपासायचं एक यंत्र माझ्या दवाखान्यात तेहतीस वर्षं होतं. ते म्हणजे माझे दोन हात. आई म्हणायची, "डॉक्टर, हाक मारली तर बघत नाही हो," की मी बाळाच्या कानाशी टाळी वाजवायचो. बाळ वळायचं. "बघा, वळलं," असं म्हणेपर्यंत पुढचा पेशंट दारात उभा असायचा. बाळ आवाजाने वळलं, की हाताच्या हालचालीने, की टाळीबरोबर गालाला लागलेल्या वाऱ्याने, हे मी कधी बघितलं नाही. ठार बहिरं मूलसुद्धा अशा टाळीला वळू शकतं हे मला एमडीला शिकवलं होतं. परीक्षेत प्रश्न आला असता तर उत्तर पूर्ण लिहिलं असतं.

हे आज लिहायला बसलो त्याला कारण एक पिवळी वही. गेल्या वर्षी मुलीकडे फ्रँकफर्टला पाच महिने राहून आलो. नातू दोन वर्षांचा होत आला होता. एके सकाळी मुलगी म्हणाली, "बाबा, चला, आज त्याची ऊ-सात आहे." ऊ म्हणजे उंटरझूखुंग, तपासणी. जन्मल्याबरोबर ऊ-एक, तिसऱ्या ते दहाव्या दिवसात ऊ-दोन, असं करत पाच वर्षांच्या सुमाराला ऊ-नऊ. मधे तिसऱ्या वर्षाशी एक ऊ-सात-अ आहे. दोन ते चार वर्षांमधली मुलं कुणाच्याच नजरेखालून जात नाहीत हे ध्यानात आल्यावर 2008 साली ती घातली. 1971 पासून, म्हणजे जर्मनीची दोन शकलं होती तेव्हापासून, पश्चिमेकडे हे सुरू आहे. सगळ्या नोंदी त्या पिवळ्या वहीत. मुलगी ती पासपोर्टांच्या शेजारी ठेवते.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नातवाला आधी हात लावलाच नाही. त्याला ठोकळे दिले आणि त्या बघत राहिल्या. तो कसा चालतो, वाकून वस्तू कशी उचलतो, तोल जातो का, आईकडे बोट दाखवून काही मागतो का. मग मुलीला विचारलं, किती शब्द बोलतो? आई-बाबा सोडून दहा तरी यायला हवेत. मुलगी गडबडली, कारण त्याचे शब्द निम्मे मराठी. बाई म्हणाल्या, कुठल्याही भाषेतले चालतील. मग पाणी, भूभू, आज्जी, अजून, नको, असं बोटांवर मोजणं सुरू झालं. 'नको' दोनदा मोजलं गेलं असावं, कारण तो ते सारखंच म्हणतो. मी कोपऱ्यात खुर्चीवर बसलो होतो आणि माझ्या ओठांवर वाक्य तयार होतं: मुलगे जरा उशिराच बोलतात. ते मी गिळलं. का गिळलं ते पुढे सांगतो.

डोळे झाले, मग पोट, कंबर आणि पाय. अर्धा तास गेला. घरी येताना मी मुलीला विचारलं, "आज लस कुठली होती?"

"बाबा, आज लस नव्हतीच."

"मग आलो कशाला?"

हे मी बोललो. उभा जन्म मुलं तपासण्यात घालवलेल्या माणसाच्या तोंडून हे निघालं. मुलगी हसली, मीही हसलो. रात्री झोप आली नाही.

माझ्या हिशेबी निरोगी मूल दवाखान्यात येण्याचं कारण एकच, सुई. आपल्याकडे आया म्हणतातच, "डोस द्यायला आणलंय." डोस दिला, मूल रडलं, तापाचं औषध लिहिलं, पुढची तारीख दिली. त्या रडण्याआधीची दोन मिनिटं मूल माझ्या टेबलावर उघडं, जागं, माझ्याकडे बघत असायचं. त्या दोन मिनिटांत मी काय करायचो? बहुतेक वेळा लशीची बाटली फोडत असायचो.

परत आल्यावर दवाखान्याच्या माळ्यावरच्या जुन्या फायली खाली काढल्या. माझी फाईल गुलाबी होती. एका औषध कंपनीने फुकट छापून दिलेली, वर माझं नाव, खाली त्यांच्या टॉनिकचं. आत जे छापलं होतं ते बघून मी खालीच बसलो. वजनाचा आलेख होता, डोक्याच्या घेराचा रकाना होता. 'मान धरते', 'आईला ओळखून हसते', 'आवाजाच्या दिशेने बघते', 'आधाराशिवाय बसते', 'दोन शब्द जोडते' अशी यादी होती आणि प्रत्येकापुढे खुणेसाठी चौकोन. जर्मनांच्या पिवळ्या वहीत आहे त्यातलं बरंचसं माझ्या गुलाबी फायलीत होतं. एका वर्षाच्या फायली मी चाळल्या. लशींची स्टिकरं सगळ्यांवर अगदी सरळ रेषेत चिकटवलेली. वजन बऱ्याच जणांचं. आलेखावर ठिपके एक, फार तर दोन, आणि एका ठिपक्याचा आलेख होत नाही. चौकोन रिकामे. डोक्याचा घेर फक्त त्या मुलांचा, ज्यांचं डोकं बघताक्षणीच मोठं वाटलं होतं.

म्हणजे आपल्याकडे पद्धत नाही, सोय नाही, सरकार लक्ष देत नाही हे जे मी बैठकांत बोलत आलो, ते निदान माझ्यापुरतं खरं नव्हतं. कागद होता. पेन खिशाला होतं.

आता त्या मुलाचं सांगतो.

तो चौतीस आठवड्यांचा जन्मला. पेटीत ठेवावं लागलं, कावीळ झाली म्हणून निळ्या दिव्याखालीही होता. अशा बाळांना ऐकण्याचा दोष असण्याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी जास्त. साध्या बाळांत हजारी एक ते तीन असं प्रमाण जगभर धरतात, पेटीतल्या बाळांत ते पुष्कळ वाढतं. त्याला घरी सोडताना मी बेरा ही कानांची तपासणी लिहून द्यायला हवी होती. जर्मनीत 2009 पासून प्रत्येक नवजात बाळाचे कान तपासतात, धोका असो वा नसो. दोष असेल तर तो महिन्याच्या आत हेरावा, तीन महिन्यांत पक्का करावा आणि सहाव्या महिन्याच्या आत यंत्र किंवा उपचार सुरू व्हावेत, हा हिशोब बालरोगाच्या पुस्तकांतच आहे, कारण भाषा शिकणारा मेंदू वाट बघत नाही. बेराची सोय आमच्यापासून सत्तर किलोमीटरवर, जिल्ह्याच्या गावी होती. आई दमलेली, बाप मजुरीवर, पेटीचं बिल नुकतंच भरलेलं. मी म्हटलं, नंतर बघू. मी त्यांच्यावर दया केली असं मला तेव्हा वाटलं होतं.

नऊ महिन्यांच्या डोसाला आई म्हणाली, हाक मारली तर बघत नाही. मी टाळी वाजवली. तो वळला. सोळाव्या महिन्यात बूस्टरला पुन्हा म्हणाली, काहीच बोलत नाही. सोबत आज्जी होती. ती माझ्या आधीच बोलली, "ह्याचा बापबी तीन वर्षांचा झाल्यावर बोलला." मला तयार उत्तर मिळालं. मी म्हटलं, "मुलगे जरा उशिराच बोलतात." आई गप्प बसली. तिने दोनदा विचारलं होतं आणि दोन्ही वेळा आम्ही शहाण्या माणसांनी तिला गप्प केलं. त्या फायलीत 'आवाजाच्या दिशेने बघते' यापुढचा चौकोन रिकामा आहे. मी खोटी खूणसुद्धा केली नव्हती.

त्याला शोधलं ते अंगणवाडीत आलेल्या गाडीने. ती गाडी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची. हा कार्यक्रम 2013 च्या फेब्रुवारीत आपल्या पालघरमधून सुरू झाला. जन्मजात व्यंग, पोषणातल्या उणिवा, बालपणीचे आजार आणि वाढीतला मागासलेपणा अशा चार गटांतल्या तीस गोष्टी शोधायच्या. प्रत्येक पथकात आयुषचे दोन डॉक्टर, एक पुरुष आणि एक बाई, शिवाय नर्सबाई आणि औषधनिर्माता. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा. ही गाडी आमच्या तालुक्यात फिरायला लागली तेव्हा मी मित्रांत बसून म्हटलं होतं, "काढा देणारे आता मुलं तपासणार." सगळे हसले होते. माझं हे वाक्य मला शब्दन्‌शब्द आठवतं. पथकातल्या आयुर्वेदाच्या बाईंनी त्या मुलाला आईच्या मांडीवर बसवून पाठीमागून, त्याला दिसणार नाही असा खुळखुळा वाजवला. तो वळला नाही. एवढंच केलं त्यांनी. तिथून जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवला, बेरा झाली, दोन्ही कान जवळजवळ गेलेले निघाले. वय तीन वर्षं चार महिने.

मला हे कळलं ते त्याच्या धाकट्या बहिणीच्या डोसाला. आई दीड महिन्याच्या मुलीला घेऊन आली. मी बाटली फोडायला घेतली तशी ती म्हणाली, "डॉक्टर, डोस मागनं द्या. आधी हिचं कान बघा." मग तिने सगळं सांगितलं, अगदी शांतपणे, तक्रारीचा एक शब्द न काढता. मी बेराची चिठ्ठी लिहून दिली. पैसे घेतले नाहीत. त्या दिवशी ते मला मोठं उदार वाटलं.

फ्रँकफर्टला ते वाक्य गिळलं ते यामुळे.

तिथलं सगळंच मला आवडलं असं नाही, हेही लिहिलं पाहिजे. मुलीला एकदा पत्र आलं होतं. ती एका लग्नासाठी पुण्याला आलेली असताना एका तपासणीची तारीख टळत चालली होती. फ्रँकफर्टच्या हेसन राज्यात 2008 पासून या तपासण्या कायद्याने बंधनकारक आहेत. आधी बोलावणं येतं, मग आठवण, आणि तरीही मूल दाखवलं नाही तर बालकल्याण कार्यालयाला कळवतात. हेळसांडीने मुलं दगावल्याच्या बातम्यांनी त्या सुमारास जर्मनी हादरली होती, त्यातून हे आलं. मुलगी चिडली होती, "आम्ही काय गुन्हेगार आहोत?" मलाही राग आला. आपल्याकडे कुणी असं पत्र पाठवलं तर लोक दगड मारतील. पण नंतर मनात आलं, तेहतीस वर्षांत न आलेल्या एकाही मुलाच्या घरी मी निरोप पाठवला नाही. आला तो माझा पेशंट, आला नाही तो जणू जन्मलाच नाही. धमकी नको, पण "का आला नाहीत?" एवढं विचारायला कायदा लागत नव्हता.

जपानात हे अधिक मृदू आहे. आई आणि मूल दोघांची मिळून एक पुस्तिका असते, ती 1948 पासून चालत आली आहे. तिची मुळं युद्धकाळातल्या गरोदर बायकांच्या वहीत आहेत. दीड वर्षाची आणि तीन वर्षांची तपासणी नगरपालिकेने करायचीच, हे कायद्यात आहे, आणि जे येत नाहीत त्यांच्याकडे आरोग्यसेविका चौकशीला जाते. त्या पुस्तिकेत 2012 पासून एक रंगांचा तक्ता आहे, बाळाच्या शीचा. पिवळी ते फिकट पांढरी अशा छटा छापलेल्या. फिकट रंगाशी जुळली तर पित्तनलिका बंद असू शकते, आणि त्यावरचं कसाई नावाच्या जपानी सर्जनने शोधलेलं ऑपरेशन पहिल्या दोन महिन्यांतच नीट साधतं. एका छापील कागदाचा खर्च तो काय. मी माझ्या फायलीच्या मागच्या पानावर टॉनिकची जाहिरात छापू दिली होती.

फिनलंडमध्ये तर निरोगी मुलांसाठी वेगळी जागाच आहे, नेउवोला, म्हणजे सल्ल्याची जागा. 1922 साली हेलसिंकीत पहिली सुरू झाली. आजारी मुलांच्या गर्दीत तिथे कुणी बसत नाही. माझ्याकडे डोसाचं बाळ गोवराच्या मुलाशेजारी बाकावर बसायचं, हे आत्ता लिहितानाच लक्षात येतंय.

जपानचीच आणखी एक गोष्ट मी भाषणांत पुष्कळ वापरली. तिथे ऐंशीच्या दशकात सहा महिन्यांच्या सगळ्या बाळांची लघवी तपासायला सुरुवात केली, न्यूरोब्लास्टोमा नावाचा कर्करोग लवकर सापडावा म्हणून. आईने कागद लंगोटात ठेवून भिजवायचा आणि टपालाने पाठवायचा. गाठी भरपूर सापडल्या. पण त्यातल्या अनेक आपोआप विरून गेल्या असत्या अशा होत्या, त्यांच्यावर ऑपरेशनं आणि किमोथेरपी झाली, आणि खऱ्या घातक गाठींनी मरणारी मुलं मात्र कमी झाली नाहीत. जर्मनी आणि कॅनडातल्या अभ्यासांतही तेच दिसलं. सुमारे वीस वर्षांनी जपानने तो कार्यक्रम थांबवला. मी हे सांगून शेवटी म्हणायचो, "जास्त शोधलं की नको ते सापडतं." टाळ्या पडायच्या. गोष्ट खरी आहे आणि प्रत्येक डॉक्टरला ठाऊक हवी. पण मी ती कशासाठी वापरत होतो? जपानने लाखो बाळं तपासली, मोजदाद केली, चूक कबूल केली आणि मग थांबला. मी न मोजता, न तपासता आधीच थांबलेलो होतो आणि त्याला शास्त्राचं नाव देत होतो. बहिरेपणा आपोआप विरून जात नाही.

माझ्या सबबीही मी एकदा समोर मांडल्या. गर्दी: सत्तर-ऐंशी पेशंट रोज, हे खरं. लोक नुसतं बघण्याचे पैसे देत नाहीत, हेही खरं. "सुई न्हाई, औषध न्हाई, मग कशाचं पैसं?" असं मला तोंडावर विचारलेलं आहे. पण आठवड्यातली एक दुपार डोसाच्या बाळांसाठी राखून ठेवणं मला जमलं नसतं का? जमलं असतं, कारण पुढे मी ती दुपार राखलीच, न दुखणाऱ्या महागड्या लशींच्या आयांसाठी. लशीवर मार्जिन असतं. खुळखुळ्यावर नसतं. हे वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले. डोळ्यात लाल झाक दिसते का बघायचं यंत्र माझ्या टेबलाच्या खणात होतं. तेही बाहेर काढून पाहिलं. आतला सेल फुटून पत्र्याला चिकटला होता. किती वर्षांपूर्वी, देव जाणे.

आणि सगळ्यांत लाज वाटली ती दूरच्या देशांमुळे नाही. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवून घरोघरी नवजात बाळांची सेवा सुरू केली. 1999 साली लॅन्सेटमध्ये त्यांचा अभ्यास आला, नवजात मृत्यूंचं प्रमाण साठ टक्क्यांहून अधिक घटल्याचा. पुढे त्याच धर्तीवर देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊ लागल्या, दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा वेळा. 2018 पासून त्यात तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंतच्या आणखी पाच भेटी आल्या. म्हणजे सव्वा वर्षात अकरा भेटी, त्याही बाळाच्या घरी. फ्रँकफर्टच्या नातवाच्या तेवढ्याच काळात सहाच. आशाताई डॉक्टर नाहीत, त्यांच्याकडे यंत्रं नाहीत, मोबदला कामापुरता आणि तोही वेळेवर मिळेलच असं नाही, आणि कितीतरी भेटी कागदावरच होत असतील. पण पद्धत तीच आहे: मूल आजारी पडायच्या आधी कुणीतरी त्याला बघायचं. माझ्या दवाखान्यात आशाताई बाळ घेऊन आल्या की मी त्यांना बाहेर बसवून आईशी बोलायचो. एकीने एकदा सांगायचा प्रयत्न केला होता की बाळ एका अंगावरच पिते, मान एकाच बाजूला ठेवते. मी म्हटलं, "ताई, तुम्ही रजिस्टर बघा, बाळाचं मी बघतो." बाळाची मान खरंच आखडलेली होती. व्यायामाने सुटली, दैव म्हणायचं.

गेल्या महिन्यापासून गुलाबी फायली बंद केल्या. साधी वही छापून घेतली, जाहिरातीविना. चौकोन मी स्वतः भरतो, नाहीतर आईला पेन देतो. खुळखुळा स्टीलचा आहे, आईच्या मांडीमागून वाजवतो. पेटीतून घरी जाणाऱ्या बाळाला बेराची चिठ्ठी दिल्याशिवाय सोडत नाही, आणि ती झाली का हे विचारायला कंपाउंडरला फोन लावायला सांगतो. रोजचे पेशंट निम्मे झालेत, काही वयाने, काही यामुळे. एक बाप परवा म्हणाला, "डॉक्टर म्हातारे झाले, एका पोराला वीस मिनिटं लावतात."

वाचणाऱ्यांत कुणाचं लहान मूल असेल तर एक विनंती. हाकेला वळत नाही असं आईला वाटलं की टाळीवर थांबू नका, तुमच्या नाही आणि डॉक्टरच्याही नाही. बेरा मागा. डॉक्टर हसला तर दुसरा बघा.

तो मुलगा आता दहा वर्षांचा आहे. जिल्ह्याच्या गावी कर्णबधिर मुलांच्या शाळेत वसतिगृहात राहतो, चित्रं चांगली काढतो असं कळलं. यंत्र उशिरा बसल्यामुळे बोलणं मोजकंच आहे. त्याची आई गावीच असते. बहिणीचे कान ठीक निघाले, त्यानंतर आई माझ्याकडे आलेली नाही. माझं चुकलं, हे मी तिला सांगितलेलं नाही. तिचं गाव माझ्या दवाखान्यापासून अकरा किलोमीटरवर आहे. रस्ता डांबरी आहे.